समुद्राची बदली

घरसामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस घरी येऊन जी यादी करतो, ती एकदा जवळून वाचावी. फ्रीज, वॉशिंग मशीन, कपाट लोखंडी, कपाट लाकडी, पलंग, देव्हारा, शिलाई मशीन, कुंड्या. माणसाने संसार म्हणून जे जे जमवलं, त्या प्रत्येकाला त्या छापील कागदावर एक चौकोन असतो. समुद्राला नसतो. आमच्या साडूंच्या ठाण्याच्या घरी आलेल्या माणसाने दिवाणखान्यातल्या चार फुटी काचेच्या टाकीकडे एक नजर टाकली आणि 'शोपीस, काच, एक' असं लिहिलं. साडूंचा चेहरा कुणीतरी मुलाला 'तो मुलगा' म्हणाल्यासारखा झाला.

"शोपीस नाही हो. रीफ आहे."

"बरं," म्हणून त्याने खोडलं आणि लिहिलं, 'रीफ, काच, एक'.

साडू बँकेत अधिकारी आहेत. बदली नागपूरला झाली, आणि बदल्यांचा हंगाम असतो तसा तो मे महिना होता. आता नागपूर हे शहर भारताच्या कुठल्याही किनाऱ्यापासून शक्य तितकं लांब वसवलंय. इंग्रजांनी तिथे शून्य मैलाचा दगड रोवला तोही समुद्राला पाठ दाखवायलाच, असं मला त्या महिन्यात वाटू लागलं होतं. अशा ठिकाणी पंचेचाळीस अंशांत एक समुद्र जिवंत न्यायचा होता. माझी ह्या कामी निवड झाली ती बायकोच्या एका वाक्याने. "ताईच्या माशांना वाटेत काही झालं, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." जागा तिला राहणार नव्हती, रजा मी टाकायची होती.

ज्यांना ह्या छंदाची लागण झालेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोड्या पाण्याची टाकी आणि खाऱ्या पाण्याची टाकी ह्यांत गुपी आणि गोल्डफिश ह्यांच्यात असतो एवढाच फरक नसतो. गोड्या पाण्याचा मासा भारतीय मध्यमवर्गासारखा असतो. मिळेल त्या पाण्यात दिवस काढतो. समुद्रातल्या माशाला सवयच बदलाची नाही. समुद्र इतका मोठा की त्यात सहसा काही बदलतच नाही. त्यामुळे टाकीवाल्याला दिवाणखान्यात बसून समुद्राचं सातत्य सांभाळावं लागतं. पाण्याची घनता १.०२५. म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. तापमान २५-२६ अंश. पीएच ८.१ ते ८.४. साडू रोज सकाळी चहाच्या आधी ड्रॉपरने एक थेंब उपकरणाच्या काचेवर सोडतात आणि सराफाने हिरा पारखावा तसा एक डोळा मिटून तो उजेडाकडे धरतात. आकडा बरोबर आला तर घरात चहा मिळतो.

"एवढं कशाला? चौपाटीवरून कळशी भरून आणायची," असं त्यांना प्रत्येक पाहुणा सुचवतो. साडू आधी समजावून सांगायचे, की मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात समुद्र सोडून बाकी सगळं असतं. हल्ली ते नुसते हसतात. खरा प्रकार असा, की खाडीच्या काठावरच्या ठाण्यात राहून ते आधी नळाचं पाणी आरओ मशीनमधून काढतात, म्हणजे त्यातलं आहे नाही ते सगळं घालवतात, आणि मग त्यात परदेशी पिशवीतलं महागडं मीठ मोजून घालतात. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि आणखी बरंच काही ठरलेल्या प्रमाणात लागतं. सासूबाईंनी हा सगळा विधी एकदा शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे समुद्रही आता पाकिटातून येतो. इडलीसारखा." (सासूबाई आम्हा दोघांना सामाईक. त्यांचं माहेर मालवणचं, आणि टाकीबद्दलचं त्यांचं मूळ मत अजून बदललेलं नाही: एवढे मासे पाळलेत, त्यांत एक खायच्या लायकीचा नाही.)

टाकीत वस्ती बेताची होती. क्लाउनफिशची एक जोडी, एक निळा डॅमसेल, एक गोबी आणि एक पिस्तुल कोळंबी. पोवळी नव्हती. खऱ्या प्रवाळांना आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्याच अनुसूचीत बसवलं आहे, आणि साडू बँकेत असल्यामुळे अनुसूची ह्या शब्दाला घाबरतात. त्यामुळे खडक सिरॅमिकचे. क्लाउनफिशही समुद्रातून पकडून आणलेले नव्हते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ह्या माशाची पैदास आपल्याकडे यशस्वी करून दाखवली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून हौदात जन्मलेले क्लाउनफिश मिळतात. म्हणजे जे मासे आम्ही समुद्रापासून लांब नेणार होतो, त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. हे मी बोलून दाखवलं तेव्हा बायकोने मला डोळ्यांनी गप्प केलं.

घरातून विरोध व्हायचा तो झाला. मेव्हणीचं म्हणणं सरळ होतं: मासे कुणाला तरी द्या, टाकी विका, त्या पैशात नागपूरला एसी घेऊ. ह्यावर साडूंनी पूर्वपीठिका मांडली. बँकेतला माणूस मागच्या नजिरा दाखवल्याशिवाय काही मंजूर करून घेऊ शकत नाही. पहिली नजीर १८४६ ची. अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ थेट लंडनला आणले, दगडी बरणीत. प्रवासात ते आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजाला टाचले. लंडनमध्ये समुद्र नव्हता, तेव्हा पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. म्हणजे जगातला पहिला एअर पंप पगारी होता.

"आणि आपल्याकडच्या मावशी दुधाचं पातेलं जास्तीचं पडलं तरी आवाज चढवतात," मेव्हणी म्हणाली. नजीर फेटाळली गेली.

दुसरी नजीर शिकागोची. तिथलं शेड अ‍ॅक्वेरियम १९३० साली उघडलं, समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत. त्यांनी फ्लोरिडातल्या की वेस्टहून रेल्वेच्या टँकर वाघिणींतून समुद्राचं पाणी आणलं. वीस वाघिणी, आठ फेऱ्या, दहा लाख गॅलन. आपल्या हिशोबात ३८ लाख लिटर. मासे आणायला त्यांच्याकडे स्वतंत्र रेल्वेडबा होता, त्याचं नाव नॉटिलस. तिसरी नजीर अटलांटाची, तिथे तर तैवानहून व्हेल शार्क विमानाने आणले गेले. "आपल्याला फक्त अडीचशे लिटर न्यायचंय," साडूंनी समारोप केला, "आणि समृद्धी महामार्ग आहे." ह्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. महाराष्ट्रात समृद्धी महामार्गाचं नाव निघालं की वाद मिटतो किंवा नवीन सुरू होतो. त्या दिवशी मिटला.

मला तोवर वाटत होतं, की आपण मासे नेणार आहोत. पहिल्याच बैठकीत साडूंनी माझा गैरसमज दूर केला. मासे हा ह्या सामानातला सर्वांत किरकोळ भाग. खरं सामान दिसत नाही. मासा पाण्यात अमोनिया सोडतो, तो त्याचा त्यालाच विष. टाकीतल्या दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे जीवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचं नायट्रेट, जे पुष्कळ निरुपद्रवी. नवीन टाकीत ही वसाहत नांदती व्हायला महिना-दीड महिना जातो. तोवर टाकी म्हणजे गटार नसलेलं गाव. जीवाणू कोरडे पडले किंवा त्यांना प्राणवायू कमी पडला तर मरतात, आणि ते मेले की मागोमाग मासे. तेव्हा नागपूरला न्यायचे होते ते जीवाणू. त्यांच्यासोबत नातेवाईक म्हणून मासे.

म्हणून ते सगळे सिरॅमिकचे दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या बादल्यांत भरले. कागद ओला राहिला पाहिजे हे माझं खातं. मी एकेक पान भिजवून साडूंकडे देत होतो. ह्या कामी अग्रलेखाचं पान सर्वांत उपयोगी पडतं. त्यात पाणी बराच वेळ धरून राहतं. तळाची वाळू मात्र नेली नाही. तिच्या खालच्या थरात हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो, तो ढवळला तर मासे मरतात आणि माणसांना सडक्या अंड्यांचा वास येतो. शेजारच्या आजोबांनी दार वाजवून गॅस गळतोय का, असं विचारलं.

प्रवासाआधी दोन दिवस माशांना खायला द्यायचं नाही, असा नियम आहे. पोट रिकामं असलं की वाटेत पिशवीतलं पाणी घाण होत नाही. घरात आजवर टाकीच्या बाजूने झालेला हा पहिला निर्णय, जो सासूबाईंना पसंत पडला. एरवी श्रावणात माणसांचे मासे बंद असताना फ्रीजरमध्ये माशांसाठी बारीक कोळंबी भरलेली असते, ह्याचं त्यांना वर्षानुवर्षं वैषम्य होतं. उपास म्हटल्यावर त्या टाकीपुढे येऊन उभ्या राहिल्या. "निर्जळी नाही ना?" त्यांनी विचारलं. नाही, असं सांगितल्यावर समाधानाने आत गेल्या.

मासे पकडणं हे काम जाळीने करायचं असतं, असं जाळी विकणारे सांगतात. दगड आत असेपर्यंत मासा सापडत नाही, हा साधा नियम. दगड काढले, पाणी उपसून वीतभर उरवलं, तरी डॅमसेल हाती लागेना. हा मासा बोटाएवढा. समुद्री टाक्यांत त्याच्याइतका भांडखोर कुणी नाही. स्वतःच्या चार इंच हद्दीत हत्ती आला तरी त्यालाही चावेल. मला दोनदा चावला. चावून काही होत नाही, पण आपल्याला बोटाएवढ्या माशाने घराबाहेर काढलं, ह्याचा मनावर परिणाम होतो. क्लाउनफिश त्या मानाने सोपे. त्यांच्यात मोठी ती मादी आणि छोटा तो नर. सगळे जन्मतः नर असतात आणि मादी गेली की नराचीच मादी होते. 'फाइंडिंग नेमो'मध्ये नेमोच्या बापाने हा नियम पाळला असता तर सिनेमाला पुढे वेगळं वळण लागलं असतं. सासूबाईंना ही व्यवस्था सांगितली, तर म्हणाल्या, "म्हणजे घर कुणीतरी चालवायलाच हवं, हे माशांनाही कळतं."

मग पिशव्या. एका पिशवीत एक मासा, एक तृतीयांश पाणी, बाकी प्राणवायू. प्राणवायू भरून आणायला साडू मासेवाल्याच्या दुकानात गेले, तेही पिशव्या छातीशी धरून. पिशवीचे कोपरे बांधायचे, नाहीतर मासा कोपऱ्यात अडकतो. दुहेरी पिशवी. वर थर्मोकोलचं खोकं, झाकण बंद, कारण अंधारात मासा शांत राहतो. आणि मग सर्वांत महत्त्वाची सूचना: वाटेत पिशवी उघडायची नाही. ह्याचं कारण ऐकून मी साडूंच्या ह्या वेडाकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं. मासा पिशवीत श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी थोडं आंबटतं. त्या आंबट पाण्यात अमोनिया फारशा विषारी नसलेल्या रूपात राहतो. तुम्ही 'बरे आहेत ना' म्हणून पिशवी उघडली, की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि साठलेला सगळा अमोनिया एकदम विष होतो. मराठी कुटुंबातले काही विषयही असेच असतात. बंद आहेत तोवर सगळे जगतात. कुणीतरी मोकळेपणाने बोलू या म्हणतं, आणि लग्नकार्यात दोन भाऊ वेगवेगळ्या पंगतीला बसतात.

पिस्तुल कोळंबीला मात्र पिशवी चालत नाही. तिचा एक पंजा मोठा असतो. तो ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि फुटताना 'टक्' असा आवाज येतो. त्या क्षणी त्या बुडबुड्यात तापमान हजारो अंशांवर जातं, असं शास्त्रज्ञांनी मोजलंय. (नागपूरच्या उन्हाची भीती वाटण्याचं तिला काही कारण नव्हतं.) ती नजरेने अधू, म्हणून गोबी मासा तिचा पहारेकरी. दोघं एकाच बिळात राहतात. ती बीळ खणते, तो दारात उभा राहतो, आणि ती एक मिशी कायम त्याच्या अंगाला लावून ठेवते. प्रवासात ह्या जोडप्याची ताटातूट झाली. गोबी पिशवीत गेला आणि कोळंबी लोणच्याच्या नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या बरणीत. झाकणावर 'कैरी' असं लेबल होतं, ते कुणी काढलं नाही.

लिफ्टवरून सोसायटीत थोडा प्रसंग घडला. लिफ्टवर 'सहा व्यक्ती, ४०८ किलो' असं लिहिलेलं असतं. एक लिटर समुद्र एक किलोहून जरा जड भरतो. सेक्रेटरींनी निळे ड्रम बघून लेखी अर्ज मागितला. अर्जाचा विषय साडूंनी 'समुद्राचे पाणी खाली नेण्याबाबत' असा टाकला. तो अर्ज सोसायटीच्या फायलीत अजून आहे म्हणतात.

शेवटी निघालो. पुढे पिकअपमध्ये रिकामी टाकी, फोमवर आणि प्लायवूडवर. दगडांच्या बादल्या, त्यांत सेलवर चालणारे हवेचे पंप. आणि निळ्या ड्रमांत टाकीतलं निम्मं जुनं पाणी. मागे साडूंची गाडी. बाकी कुटुंब रेल्वेने गेलं. गाडीत पुढे साडू, मागच्या सीटवर थर्मोकोलचं खोकं, त्याला सीटबेल्ट, आणि खोक्याला धरून मी, मला सीटबेल्ट उरला नव्हता. एसी माशांच्या हिशोबाने लावलेला. बाहेर वैशाख वणवा होता आणि आत मी सासूबाईंची शाल पांघरून बसलो होतो.

आमण्यापासून नागपूरपर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. गाड्यांना ताशी १२० चा वेग मंजूर आहे. साडूंना तो मंजूर नव्हता. इगतपुरीजवळच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यात आम्हाला कांद्याचा ट्रक मागे टाकून गेला. शिर्डी आलं, तिथे साडूंनी गाडीतूनच हात जोडले. ते कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. पुढे हा रस्ता इतका सरळ आणि इतका एकसुरी होतो, की ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून बोलत राहावं लागतं. मी बोलायला विषय काढला आणि मेहकरच्या आसपास लोणारची आठवण काढली. वाटेवरचं तेवढं एकच खारं पाणी, उल्केने पाडलेलं. ड्रम सांडलेच तर तिथून भरून घेता येईल, असं मी गमतीने म्हटलं. साडूंनी गाडीचा वेग कमी केला आणि गंभीरपणे सांगितलं, की लोणारच्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास आहे आणि २०२० च्या जूनमध्ये ते क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं. त्यानंतर मी गमती केल्या नाहीत.

वर्धा जिल्हा दारूबंदीचा. तिथे समुद्रपूर नावाचा तालुकाही आहे, पण आमच्या उपयोगाचं त्यात काही नाही. निळे ड्रम भरलेली पिकअप मुंबईकडून येऊन दारूबंदीच्या जिल्ह्यात शिरते, तेव्हा तिला हात होणारच. पोलिसांनी गाड्या बाजूला घेतल्या. एक हवालदार ड्रमपाशी आले.

"ह्याच्यात काय हाय, भाऊ?"

"समुद्राचं पाणी."

त्यांनी साडूंकडे बघितलं, मग शाल पांघरून बसलेल्या माझ्याकडे, आणि पुन्हा साडूंकडे. "नागपूरले नेता?"

"हो."

"कायले?"

ह्या प्रश्नाला दर्शनशास्त्रात बरीच उत्तरं असतील, आमच्याकडे एकही नव्हतं. हवालदारांनी झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून चाखलं आणि लगेच थुंकले. "खारटच हाय. घरी बनवलं का हे? मीठ टाकून?"

साडू म्हणाले, "हो, पण विशिष्ट प्रकारचं—"

"मंग तिथंच बनवाचं ना, बाप्पा. पानी कायले वाहता?"

आता खरं सांगायचं तर शास्त्र ह्या बाबतीत संपूर्णपणे हवालदारांच्या बाजूचं आहे. जीवाणू दगडांवर असतात, पाण्यात नगण्य. जुनं पाणी नेण्याने फारसं काही साधत नाही. नवं मीठ, नवं पाणी, घनता बरोबर, तापमान बरोबर, की झालं. ड्रमचं भाडं, डिझेल, सोसायटीचा अर्ज, हे सगळं निव्वळ मायेपोटी होतं. साडूंना हे माहीत होतं. मला आधी माहीत नव्हतं. मला ते हवालदारांच्या एका वाक्यात कळलं. साडू गप्प उभे राहिले, आणि तेवढ्यात गाडीतून आवाज आला: टक्.

"आतमंदी कोण हाय?"

"कोळंबी," साडू म्हणाले.

"जिती?"

बरणी दाखवली. हवालदारांनी 'कैरी' हे लेबल वाचलं, आत पाहिलं, आतून पुन्हा टक् झालं. ते थोडे मागे सरकले. मग त्यांनी आपल्या सहकाऱ्याला जो निष्कर्ष सांगितला, तो मला ऐकू आला नाही, पण त्यांनी सांगताना कपाळाशेजारी बोट फिरवलेलं दिसलं. आम्हाला अदबीने जाऊ दिलं.

नागपुरात पोचल्यावर लोक नव्या घरात आधी दूध उतू घालवतात. आम्ही मीठ विरघळवलं. गॅस जोडायच्या आधी आरओ जोडला, पलंग उघडायच्या आधी टाकी बसवली, दगड रचले, ड्रम ओतले. त्यात सासूबाईंनी मदत म्हणून तांब्याच्या हंड्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी टाकीत ओतायला आणलं. "पित्तावर उत्तम," म्हणाल्या. साडू त्यांच्या आणि टाकीच्या मध्ये आडवे झाले. तांबं माणसाच्या पित्तावर काय करतं ते मला माहीत नाही. पण कोळंबीसारख्या जिवांना ते अगदी थोडंही मारक असतं. सासूबाईंनी हंडा खाली ठेवला आणि एवढ्या वर्षांत जावई पहिल्यांदाच अंगावर आला, हे दोघी मुलींना फोनवर कळवलं. त्यांपैकी एक मुलगी त्याच खोलीत होती.

पिशव्या टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवलं, मग उघडल्या आणि मासे झटकन टाकीत सोडले. उघडल्यावर तिष्ठत ठेवायचं नाही, ते विषाचं प्रकरण वर आलंच आहे. कोळंबीला मात्र बारीक नळीने थेंबथेंब नवं पाणी देत बसावं लागलं. ती बिळात शिरली, गोबी दारात जाऊन उभा राहिला. डॅमसेलने पाण्यात पडल्या पडल्या क्लाउनफिशना हाकललं. म्हणजे सगळे सुखरूप. प्रवासात आजारी पडलेला एकमेव जीव मी. आठवडाभर सर्दी होती, नागपुरात, मे महिन्यात. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा मी ऋतूवर ढकललं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

नागपूरच्या हवेत मात्र एक गोष्ट अशी निघाली, जी ठाण्यात कधी जमली नसती. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी गार होतं, पण त्यासाठी हवा कोरडी लागते. ठाण्याची हवा स्वतःच अर्धी ओली. तिथे पंखा लावून काही होत नाही, महागडा चिलर लागतो. विदर्भाच्या वैशाखात साधा टेबल फॅन टाकीचं तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरवतो. शेवटी तेच तर कूलरचंही तत्त्व. चिलर लागतोच, पण तो कमी वेळ चालतो. ह्याची किंमत म्हणजे पाणी धडाधडा उडतं. उडतं ते पाणी, मीठ नव्हे. म्हणून वरून भरायचं ते गोडं पाणी, खारं नव्हे. शेजारच्या काकूंना हे अजून पटलेलं नाही. 'खाऱ्या पाण्यात गोडं पाणी, मग खारं राहील कसं?' असं त्या येता-जाता विचारतात, आणि संत्रा बर्फी ठेवून जातात. टाकी बघायला आख्खी गल्ली येऊन गेली. एका आजोबांनी 'मासोया मोठ्या कधी होतील' असं विचारलं, तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "होणार नाहीत. विचारून झालंय."

पहिले काही आठवडे साडू रोज रात्री परीक्षानळीत थेंब टाकून अमोनिया तपासायचे. पिवळा रंग आला म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे धोका. पिवळाच येत राहिला. दगडांवरचे ते न दिसणारे प्रवासी सगळे पोचले होते. मेव्हणीचा एसी अजून आलेला नाही. कुटुंब कूलरसमोर झोपतं आणि चिलर टाकीखाली घुरघुरतो. ह्यावर मत व्यक्त करणं साडूच्या नात्यात बसत नाही, म्हणून करत नाही.

आता राहिला एक हिशोब. क्लाउनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षांहून जास्त जगतो. बँकेतल्या अधिकाऱ्याची बदली साधारण दर तीन वर्षांनी होते. वाचकांपैकी कुणी एखाद्या बँकेच्या मनुष्यबळ विभागात असतील, तर हात जोडून विनंती आहे. आमच्या साडूंना पुढे अलिबाग द्या, रत्नागिरी द्या, वेंगुर्ला द्या. ते जमत नसेल तर निवृत्तीपर्यंत नागपूरलाच राहू द्या. आणि आपल्या बँकेची लेहला शाखा असल्यास, ही माहिती कृपया त्यांच्यापर्यंत पोचू देऊ नका. ते तिथल्यासाठीही नजीर शोधून काढतील, आणि माझ्या रजा आता शिल्लक नाहीत.